गल्लीत कोयते निघतात तेव्हा मंडळी कुठे असते?

वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की वस्तीतल्या मारामाऱ्या, त्यात अडकलेली पोरं आणि आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांचं, म्हणजे चर्चच्या लोकांचं, काम यावर काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. पत्रं आली, ईमेल आले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक व्हॉइस मेसेज आले. (तीन मिनिटांच्या वर गेलेला मेसेज मी चहा उकळेपर्यंत ऐकते, मग बंद करते. मुद्दा आधी बोलत जा.) नव्या वाचकांसाठी सांगते: मी नाशिकची. सगळी नोकरी कॅज्युअल्टीत नर्स म्हणून झाली. निवृत्तीनंतर मंडळीतल्या बायकांबरोबर वस्त्यांमध्ये संध्याकाळची प्रार्थना घेते. पाळक नाही, वकील नाही. पत्र पाठवणाऱ्या कुणाचंही नाव छापलेलं नाही, तपशीलही थोडे बदलले आहेत.

प्रश्न: मावशी, सलाम. मी आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. आमच्या भागात दोन गटांच्या पोरांची वर्षभर खुन्नस चालू आहे. दिवाळीनंतर एकावर वार झाले. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला. आम्ही दर शुक्रवारी उपास-प्रार्थना करतो, महिन्यातून एकदा रात्रभर जागरण करतो. काही फरक नाही. संघातली पोरंच आता म्हणतात, देव ऐकत नसेल तर कशाला बसायचं? त्यांना काय सांगू? (सिडको)

बाळा, आधी मला एक सांग. तुमच्या जागरणात त्या पोरांची नावं कुणी घेतं का? मी बऱ्याच प्रार्थना सभांना बसले आहे. "आमच्या शहरात शांती नांदू दे, तरुण पिढीला सुबुद्धी दे," इथवर सगळे येतात. ज्याच्यावर वार झाले त्याचं नाव एखादी बाई घेते. ज्याने वार केले त्याचं नाव घेतलं की सभेत चुळबूळ सुरू होते. येशूने तर नेमकं तेच सांगितलंय, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हणून. मत्तयाचा पाचवा अध्याय आपण संडे स्कूलमध्ये पाठ करून बक्षिसं घेतली आहेत.

नाव घ्यायचं तर ते माहीत पाहिजे. गल्लीतलं टोपणनाव नाही, शाळेच्या दाखल्यावरचं. बाप काय करतो, आई कुठे धुणीभांडी करते, शाळा कितवीत सुटली, अंबडला ठेकेदाराकडे लागला होता तो काम का सोडून आला. देवाला हे ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही, आणि दोन्ही गटांतल्या एकाही घरात तुमच्यातलं कुणी पाणी प्यायलेलं नाही, असं माझं पत्रावरून मत झालंय. चुकत असेन तर कळव.

दुसरी गोष्ट वेळेची. तुमची शुक्रवारची सभा नऊला सुटते. मी रात्रपाळ्या केल्यात, म्हणून सांगते: टाक्यांच्या केसेस अकराच्या पुढे यायच्या. कधी कधी एकाच गल्लीतली दोन पोरं, एकमेकांना मारून, शेजारशेजारच्या खाटांवर. बाहेर व्हरांड्यात दोघांच्या आया एकाच बाकावर, कारण दुसरा बाक नव्हता. तिथे प्रार्थना करणारं माणूस बसलेलं असतं तर त्या दोघींनी दोन शब्द ऐकले असते. त्या वेळी मंडळी घरी झोपलेली असायची.

बॉस्टनची गोष्ट तुझ्या संघाला सांग. अमेरिकेतल्या या शहरात 1990 साली 152 खून झाले. मे 1992 मध्ये तर एका चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना टोळीतली पोरं आत घुसली आणि शोक करायला आलेल्यांसमोरच त्यांनी एका मुलावर हल्ला केला. त्या धक्क्याने तिथले काही पाळक एकत्र आले आणि 'टेनपॉइंट कोअ‍ॅलिशन' नावाचं काम सुरू झालं. पाळक शुक्रवारी रात्री रस्त्यावर फिरू लागले. उपदेश नाही, पत्रकं नाहीत. पोरं आधी लांबून बघायची, मग बोलू लागली. 1999 मध्ये त्या शहरात खून झाले 31. सगळं श्रेय पाळकांचं असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. पोलिसांची 'ऑपरेशन सीझफायर' ही मोहीम 1996 पासून होती, प्रोबेशन अधिकारी होते, वस्तीत काम करणारे लोक होते. पण पोलीस आणि वस्ती यांच्यात बोलणं चालू राहिलं त्यात या पाळकांचा मोठा हात होता, हे अभ्यासकही मान्य करतात.

लंडनमध्ये 2003 साली ब्रिक्स्टन भागात 'स्ट्रीट पास्टर्स' सुरू झालं. तिथे चर्चची साधी माणसं, त्यात आजीबाईसुद्धा, शुक्रवार-शनिवारच्या रात्री रस्त्यावर असतात. रिकाम्या बाटल्या उचलतात, कारण भांडण पेटलं की बाटली हत्यार होते. पाणी देतात, उंच टाचांनी पाय सोलपटलेल्या मुलींना रबरी चपला देतात. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की त्यांची एक तुकडी चर्चमध्येच बसून त्याच वेळी प्रार्थना करत असते आणि फिरणाऱ्यांच्या फोनवर संपर्कात असते. "अमुक चौकात दोघं भिडलेत, आत्ता प्रार्थना करा." तुमचं जागरण आहेच. त्यातली चार माणसं रस्त्यावर काढा, बाकीची आत बसू द्या.

पण घाईने निघू नका. पोलीस ठाण्यात आधी भेटून सांगा की कोण, कधी, कुठे फिरणार. एकट्याने कुणीही जायचं नाही, आणि सोबत एक तरी वयस्क बाई हवीच. म्हातारीसमोर शिवी देताना पोरगं अजूनही अडखळतं. मोबाइलवर शूटिंग करायचं नाही. पट्ट्या, कापूस, पाणी जवळ ठेवा. कोयता निघाला की मध्ये पडायचं नाही, 112 लावायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मांडवली करायला जाऊ नका. "पास्टर, तुम्ही मध्ये पडा, वीस हजारांत मिटवून टाकू," असं कुणीतरी म्हणणारच. गुन्हा मिटवणं हे मंडळीचं काम नाही. एकदा पैशाला हात लागला की तुम्हीही त्या गल्लीतला एक गट झालात.

देव ऐकत नाही म्हणणाऱ्या पोरांना रागावू नकोस. 88वं स्तोत्र त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घे. त्यात तक्रारच तक्रार आहे आणि शेवट अंधारात होतो, उजेडाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि मंडळी ते हजारो वर्षं म्हणत आली आहे. तुझ्या पोरांना बसायला तिथे जागा आहे.

प्रश्न: माझा मुलगा सोळाचा. दहावी अर्धवट. भाईच्या मागे फिरतो. वाढदिवसाला तलवारीने केक कापल्याचं स्टेटस ठेवलं होतं. परवा खाटेखाली कोयता सापडला. नवऱ्याला सांगितलं तर तो मुलाला मारील. पोलिसांना सांगितलं तर पोराचं आयुष्य जाईल. रोज रडून प्रार्थना करते. (एक आई, सातपूर)

ताई, कोयत्याचं आधी बघू. तो नदीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, माहेरी नेऊन ठेवू नका. त्याने काही झालेलं असेल तर पुरावा लपवल्याचं बालंट तुमच्यावर येईल. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाई आणि मूल यांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन 15100. आधी वकिलाशी बोला आणि मग त्याच्याबरोबर पोलिसांकडे जा, एकट्या जाऊ नका.

आयुष्य जाईल ही भीती मी ओळखते. पण अठराच्या आतल्या मुलाला तुरुंगात टाकत नाहीत. तो बाल न्याय मंडळापुढे जातो, गरज पडली तर निरीक्षणगृहात. नाशिकचं उंटवाडीला आहे. तिथे जाणं सुखाचं नसतं, हे खरं. पण सोळा ते अठरा या वयात खुनासारखा गुन्हा हातून घडला तर 2015 च्या कायद्याने मंडळ त्याच्या समजेची तपासणी करतं आणि खटला मोठ्या माणसासारखा चालू शकतो. म्हणजे आज कोयत्यापाशी थांबवलंत तर दार उघडं आहे. 1098 हा मुलांसाठीचा फोनही आहे, तिथे आई म्हणून तुम्हीही बोलू शकता.

आता प्रार्थनेचं. रडून करता ती करा, ती तुमची आणि देवाची. पण रोज एक छोटी प्रार्थना त्याच्या कानावर पडेल अशी करा, जेवताना किंवा तो निघताना दारात. मात्र प्रार्थनेतून टोमणे मारू नका. आपल्याकडे ही मोठी खोड आहे: "हे प्रभू, याला शेजारच्या पोरासारखी बुद्धी दे, बापाच्या घामाची किंमत कळू दे." ते देवाला नाही, पोराला ऐकवलेलं असतं आणि त्याला ते बरोबर कळतं. "प्रभू, आज हा घरी सुखरूप येऊ दे. हा मला हवा आहे." बास. भाईकडे पोरं का जातात, माहीत आहे? तिथे कुणीतरी नाव घेऊन हाक मारतं, पाठीवर हात ठेवतं, वडापावचे पैसे देतं.

आणि तुमच्या मंडळीच्या सेक्रेटरींना माझं नाव सांगून विचारा की सातपूरच्या आयटीआयमधून वेल्डर, फिटर झालेलं, आता पगारावर असलेलं आपल्यातलं कोण आहे. दहावी नापासांनाही काही ट्रेड असतात. अशा एखाद्या पोराला आठवड्यातून एकदा घरी जेवायला बोलवा. उपदेश करायला नको, नुसतं जेवायला.

प्रश्न: माझ्या भावाचा खून झाला. आरोपी जामिनावर सुटलाय, दोन गल्ल्या पलीकडे राहतो, माझ्या आईसमोर बाइकचा हॉर्न वाजवत जातो. मंडळीत सगळे म्हणतात, क्षमा कर, नाहीतर तुझी प्रार्थना देवापर्यंत पोहोचणार नाही. मला क्षमा करता येत नाही. मी विश्वासातून गेलो का? (नाशिकरोड)

नाही. विश्वासातून गेलेला माणूस असं पत्र लिहीत नाही.

तुला सल्ला देणाऱ्यांपैकी किती जण तुझ्याबरोबर तारखेला कोर्टात आले, ते मोज. क्षमेचा उपदेश सोपा असतो, कारण त्यात रिक्षाचं भाडंही खर्च होत नाही. हॉर्नचं आधी सांगते. जामिनावरचा आरोपी साक्षीदाराला किंवा घरच्यांना धमकावत असेल तर ते तारीख-वेळ घालून लिहून ठेव, पोलिसांत लेखी दे, आणि सरकारी वकिलामार्फत जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये मान्य केलेली आहे, तिच्यासाठीही अर्ज करता येतो. हे सगळं करत असताना तू क्षमेच्या विरुद्ध जात नाहीस.

ग्रॅहम स्टेन्स यांचं नाव तू ऐकलं असशील. ओडिशात कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावात गाडीत झोपलेले असताना त्यांना आणि त्यांच्या दोन मुलांना, दहा वर्षांच्या फिलिपला आणि सहा वर्षांच्या टिमथीला, जमावाने जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. आपल्या प्रवचनांत गोष्ट इथेच संपते. पुढचं असं की क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. कायद्याच्या आड त्या आल्या नाहीत. खटला चालला, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. खुनानंतरही काही वर्षं ग्लॅडिसबाई बारिपाद्यात राहून कुष्ठरोग्यांचं काम बघत होत्या. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी गोष्ट आपल्याला जवळची, मध्य प्रदेशातली. सिस्टर राणी मारिया, केरळच्या. देवास जिल्ह्यात उदयनगर भागात त्या आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सुटायला मदत करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. अंगावर पन्नासच्या वर जखमा होत्या. मी नर्स आहे, पन्नास जखमा म्हणजे काय ते मला डोळ्यांसमोर येतं, म्हणून ही गोष्ट मला सहज सांगता येत नाही. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, 2002 मध्ये तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाला राखी बांधली. तो 2006 मध्ये सुटला, त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या घरच्यांनीही प्रयत्न केले. पुढे तो राणी मारियांच्या आईच्या पायाशी जाऊन आला.

यातली सालं नीट बघ. 1995 आणि 2002. मधली सात वर्षं ती बहीण काय करत असेल? कुणी तिच्या मागे लागलं असेल का, की अजून राखी नाही बांधलीस, तुझी प्रार्थना पोहोचत नाही? तुझ्या भावाला जाऊन अजून दोन पावसाळे झाले नाहीत. तू आत्ता एवढंच कर: 109वं स्तोत्र उघड. त्यात शत्रूला दिलेले शाप आहेत, असे की उपासनेत वाचायला पाळक कचरतात. ते देवापुढे वाच. जे तुझ्या मनात आहे ते देवापुढे ठेवलंस की ते तुला हातात घेऊन त्या दोन गल्ल्या चालून जावं लागणार नाही. सध्या मला तुझ्याकडून एवढंच हवंय.

आईला मात्र त्या रस्त्याने एकटीला पाठवू नकोस. मंडळीतल्या क्षमा सांगणाऱ्या लोकांची पाळी लाव, रोज एकाने तिच्याबरोबर बाजारात जायचं.

प्रश्न: नवरा दारू पिऊन मारतो. पाळकसाहेबांनी दोघांना बसवून प्रार्थना केली, म्हणाले, सहन कर, तुझ्या सहनशीलतेने तो तारला जाईल. पुन्हा मारलं. पुन्हा प्रार्थना? (देवळाली कॅम्प)

प्रार्थना बाहेर पडून करा. 181 हा बायकांसाठीचा फोन आहे, जीवावर आलं तर 112. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात आणि त्या घरात राहण्याचा तुमचा हक्क सासरच्यांना नाकारता येत नाही. मार लागला की दवाखान्यात जा आणि कशाने लागलं ते केसपेपरवर खरं लिहायला सांगा. "पाय घसरला" हे मी आयुष्यभर केसपेपरवर लिहिलं गेलेलं पाहिलंय आणि कोर्टात ते बाईच्याच विरुद्ध जातं. पाळकसाहेबांना हा अंक दाखवा. मारणारा आणि मार खाणारी यांना एका खोलीत बसवून हात जोडायला लावणं, ही मध्यस्थीची प्रार्थना नव्हे. त्या खोलीत ती खरं बोलूच शकत नाही.

प्रश्न: नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, तुमचं सदर शेजारच्या काकूंकडे वाचतो. आमच्या मंडळाची पोरंही या भांडणांना कंटाळली आहेत. तुमच्या लोकांबरोबर रात्री फिरायला आम्ही येऊ शकतो का? पण स्पष्ट विचारतो, राग मानू नका: मदतीच्या नावाखाली धर्म बदलायला लावता, असं लोक म्हणतात. ते खरं आहे का? (पंचवटी)

राग कसला. तोंडावर विचारणारा माणूस बरा.

मी ख्रिस्ती आहे हे लपवत नाही. कुणी विचारलं की ही म्हातारी रात्री का फिरते, तर येशूमुळे फिरते असं सांगते. आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमाने तुम्हाला आहे तसा मला आहे. पण ज्याच्या डोक्यातून रक्त वाहतंय त्याला मी पट्टीच बांधते. पट्टीच्या बदल्यात काही मागितलं की ती सेवा राहत नाही, सौदा होतो. प्रार्थना करू का, हे विचारून करते. नको म्हणाला तर नको.

आणि आमच्या लोकांतही खटकणाऱ्या गोष्टी आहेत, त्या मी इथेच छापते म्हणजे कुणाला नंतर सांगायला नको. बँडेज बांधलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढायचा, फेसबुकवर टाकायचा, खाली देणगीचा क्यूआर कोड. किती "आत्मे" मिळाले याचा आकडा परगावच्या देणगीदारांना कळवायचा. त्या पोराची आई तो फोटो बघते, गल्ली बघते, दुसरा गटही बघतो. अशाने कामही बिघडतं आणि पोरगंही धोक्यात येतं. आमच्या गटात हे चालत नाही. ज्याला फोटो हवाय त्याने बाळ येशू यात्रेत जाऊन काढावा, फेब्रुवारीत नाशिकरोडला भरपूर गर्दी असते.

तुम्ही या. नायजेरियात कडुना शहरात जेम्स वुये नावाचे पाळक आणि मुहम्मद अशाफा नावाचे इमाम एकत्र काम करतात. 1992 च्या दंगलीत वुयेंचा हात गेला, अशाफांचे दोन चुलतभाऊ आणि त्यांचे गुरू मारले गेले. दोघंही आपापल्या बाजूच्या लढणाऱ्या पोरांचे पुढारी होते, म्हणजे त्यांच्यात खरंच रक्ताचं वैर होतं. 1995 मध्ये त्यांची गाठ पडली आणि पुढे दोघांनी मिळून मध्यस्थीचं केंद्र काढलं. वुये उघड सांगतात की सुरुवातीला मनात सूडच होता. लायबेरियात 2003 साली ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसल्या, उन्हात, पावसात. राष्ट्राध्यक्षांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली. शांततेची बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी घानात जाऊन बैठकीच्या दाराला आडव्या बसून पुढाऱ्यांना आत कोंडलं. ऑगस्टमध्ये करार झाला. त्यांच्या पुढारी लेमा बोवी यांना 2011 मध्ये नोबेल मिळालं. त्या लुथरन चर्चमध्ये युद्धाने पोळलेल्या लोकांसाठी काम करायच्या.

तेव्हा तुमच्या मंडळातली तीन-चार शांत डोक्याची पोरं पाठवा. अट एकच, झेंडा कुणाचाच नको, तुमचाही नको आणि आमचाही. आणि येताना मंडळाची मोठी टॉर्च आणा, आमची बिघडलेली आहे.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारते. नाशिकच्या मिशनचा आणि हिंसेने पोळलेल्या लोकांचा जुना काही संबंध आहे का, की हे सगळं हल्लीचं? (शरणपूर रोड)

पोरी, तू ज्या रस्त्यावर राहतेस तिथेच आहे की. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी 1854 मध्ये शरणपूरची वसाहत उभी केली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं इंग्रजांचं आरमार पकडायचं, त्यांतली सुटलेली आफ्रिकन मुलं 1860 च्या दशकात इथे आणून ठेवली. गावांवर छापे घालून, आईबापांपासून तोडून नेलेली मुलं ती. इथे ती मराठी शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, प्रार्थना शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या सफरीत होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचली ती वेनराइटने आणि झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. सहकाऱ्यांनी मृतदेह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेला. पुढे 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं, तिथेही शववाहकांमध्ये आपल्या शरणपुरात शिकलेला हा मुलगा होता.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मोंबासाजवळचं फ्रीअरटाउन. 1875 च्या सुमाराला तिथे सुटलेल्या गुलामांची वसाहत झाली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं, उभारायला पुन्हा प्राइसच, आणि हाताशी नाशिकमध्ये वाढलेली ही आफ्रिकन माणसं. ज्यांना लहानपणी पळवून नेलं होतं ती स्वतःहून परत गेली, गुलामांचा व्यापार चालू असलेल्याच किनाऱ्यावर. तिथे एक घंटा आहे. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की लोकांना सावध करायला ती वाजवायचे. घंटेचा मनोरा अजून उभा आहे. प्रोजेक्टमध्ये चित्र काढायचं असेल तर शरणपूरच्या चर्चचं सगळेच काढतील, तू त्या घंटेचं काढ.

हे सगळं गोड गोड लिहू नकोस. परक्या देशातून आणलेल्या मुलांना काय व्हायचंय हे कुणी विचारलं नव्हतं, त्यांची नावंही बदलली गेली. तेही लिही, मार्क कापले गेले तर मला सांग.

प्रश्न: रात्री रस्त्यावर प्रार्थना करताना डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे? आमच्यात यावरून वाद झालाय. (सिडको, वरच्याच तरुण संघातला दुसरा एक)

उघडे. बायबलमधला नहेम्याचा चौथा अध्याय वाचा. यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांना मारायचा कट झाला तेव्हा त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि त्याच वाक्यात, रात्रंदिवस पहाराही बसवला. एकाने प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी चौकाकडे बघायचं, आणि गाडीची चावी ज्याच्याकडे असेल त्याने ती खिशातच ठेवायची. मागच्या वेळी तुमची चावी कुणाकडे आहे ते शोधण्यातच अर्धा तास गेला, असं तुमच्या सेक्रेटरीने व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलंय.